ड्यूकचे सामने खरंच ‘पाच विरुद्ध आठ’ असतात का?

ड्यूक, कॅरोलायना (चॅपल हिलची) आणि एनसी स्टेट (नुसतं ‘स्टेट’) ही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातली शेजारची तीन विद्यापीठं, बास्केटबॉलमधली जुनी वैरी. प्रश्न असा आला आहे: ‘रॉलीला एनसी स्टेटमध्ये एमएस करतोय. पुण्यात शाळेपासून बास्केटबॉल खेळलो, त्यामुळे इथलं कॉलेज बास्केटबॉल लगेच अंगात भिनलं. रूममेट म्हणतात, ड्यूकचे सामने पाच विरुद्ध आठ असतात, म्हणजे तीन रेफरी धरून. हे कितपत खरं? आणि पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झाले की कोच आपला सगळ्यात चांगला खेळाडू बेंचवर का बसवतात? तिसरं म्हणजे, ड्यूक एवढा नकोसा असताना स्टेटची मंडळी कॅरोलायनावरच जास्त का जळतात?’

मी या भागात बरीच वर्षं हायस्कूलच्या सामन्यांना रेफरी म्हणून उभा राहतो. दिवसा कंपनीत नोकरी, संध्याकाळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट. कॉलेजच्या वरच्या पातळीवर मी शिट्टी वाजवलेली नाही, पण तिथे वाजवणाऱ्यांच्या शिबिरांत बसलोय, त्यांच्याकडून बोलणीही खाल्ली आहेत. वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

एप्रिल २०२५ पासून सुरू करू. सॅन अँटोनियो, फायनल फोर (कॉलेजांच्या राष्ट्रीय, म्हणजे एनसीएए स्पर्धेची उपांत्य फेरी), ड्यूक विरुद्ध ह्यूस्टन. शेवटच्या मिनिटात ड्यूक ६७-६१ पुढे. तिथून ह्यूस्टनने सलग नऊ गुण केले आणि सामना ७०-६७ने नेला. मधली घटना तुझ्या रूममेटना नक्की आठवत असेल. ड्यूक एका गुणाने पुढे, टायरीस प्रॉक्टर फ्री थ्रो लाइनवर. पहिला थ्रो हुकला. रिबाउंडसाठी, म्हणजे हुकलेला बॉल पकडायला, ह्यूस्टनचा जे’वान रॉबर्ट्स आत, ड्यूकचा कूपर फ्लॅग त्याच्या मागे. शिट्टी वाजली ती फ्लॅगवर. रॉबर्ट्सने दोन्ही थ्रो घातले आणि ह्यूस्टन पुढे गेलं. रेफरी ड्यूकच्या खिशात असते, तर त्या क्षणी सगळ्यांत सोपं काम शिट्टी न वाजवण्याचं होतं. एकाही माणसाने त्यांना दोष दिला नसता.

आता तो फाउल होता का? टीव्हीवर सगळे ‘ओव्हर द बॅक’ म्हणत होते. नियमपुस्तकात त्या नावाचा फाउलच नाही. पाठीमागून उंच उडी मारून समोरच्याच्या डोक्यावरून बॉल काढला आणि त्याला धक्का लागला नाही, तर तो नुसता चांगला रिबाउंड. फाउल होतो तो समोरच्याला त्याच्या जागेवरून हलवलं, नाहीतर त्याचा हात दाबून धरला तर. फ्री थ्रोच्या वेळी लेनच्या (बास्केटसमोरच्या आखलेल्या पट्ट्याच्या) कडेला थ्रो मारणाऱ्या संघाचे दोन आणि समोरच्या संघाचे चार खेळाडू उभे राहू शकतात, आणि बास्केटजवळच्या जागा समोरच्या संघाच्या. म्हणजे आतली जागा नियमानेच रॉबर्ट्सची. मागून येणाऱ्याला तिथे बॉल मिळवायचा तर वळसा घालून यायला हवं. फ्लॅगचा हात रॉबर्ट्सच्या हातावर आला. माझ्या मते फाउल बारीक होता, पण होता. दहा रेफरींपैकी चौघांनी तो सोडला असता, आणि त्या चौघांशीही मी भांडलो नसतो.

त्याच सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत आणखी एक मोठी शिट्टी वाजली होती. ह्यूस्टनच्या जोसेफ टगलरने बॉल आत टाकणाऱ्या खेळाडूच्या हातातलाच बॉल रेषेपलीकडे हात घालून मारला. टेक्निकल फाउल, फायदा ड्यूकला. ती कुणाला आठवत नाही, कारण हरला ड्यूक. आपल्या विरुद्धची शिट्टी वर्षभर कानात राहते, आपल्या बाजूची पॉपकॉर्न संपेपर्यंतही टिकत नाही. आणि खरं कारण यातल्या कुठल्याच शिट्टीत नव्हतं. शेवटच्या दहा मिनिटांत ड्यूकला मैदानातून बास्केट झाली ती एकच. त्यांचा सात फूट दोन इंच उंचीचा खमान मलुआच त्या रात्री एकही रिबाउंड न घेता परतला.

तू भारतात फीबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी खेळलास म्हणून एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण इथे शेवटची दोन मिनिटं तिच्यावर फिरतात. आपल्याकडे क्वार्टरमध्ये पाचव्या टीम फाउलपासून सरळ दोन फ्री थ्रो. इथे पुरुषांच्या कॉलेज सामन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, आणि हाफमधल्या सातव्या टीम फाउलपासून ‘वन-अँड-वन’: पहिला घातलास तरच दुसरा मिळणार. दहाव्यापासून दोन. म्हणजे सातवा, आठवा आणि नववा हे तीन फाउल विचित्र आहेत. पुढे असलेल्या संघाचा खेळाडू लाइनवर जातो आणि पहिला हुकला की हातात भोपळा, वर बॉल मोकळा. प्रॉक्टरचा थ्रो तसाच होता.

तुझ्या स्टेटचं २०२४चं नशीबही याच नियमावर उघडलं. वॉशिंग्टनला एसीसीच्या, म्हणजे स्टेट ज्या कॉन्फरन्समध्ये (विद्यापीठांच्या गटात) खेळतं तिच्या स्पर्धेत व्हर्जिनिया तीन गुणांनी पुढे, त्यांच्या मॅकनीलीचा वन-अँड-वनचा पहिला थ्रो हुकला, आणि मायकल ओकॉनेलने बझरला मारलेला तीन गुणांचा फटका बोर्डला लागून आत गेला. पुढे ओव्हरटाइममध्ये स्टेट जिंकलं. पाच दिवसांत पाच सामने जिंकून ट्रॉफी घेतली, अकरावं मानांकन घेऊन एनसीएएमध्ये गेलं आणि ड्यूकला ७६-६४ने हरवून फायनल फोर गाठलं. मॅकनीलीने पहिला थ्रो घातला असता, तर हे काहीच झालं नसतं. मला हा नियम आवडतो. महिलांच्या सामन्यात तो आता नाही, तिथे २०१५-१६पासून आपल्यासारखे चार क्वार्टर आहेत.

पण म्हणून पक्षपात अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. आहे, फक्त तो ड्यूकच्या नावाचा नाही. अँडरसन आणि पिअर्स या दोघांचा २००९मध्ये आलेला अभ्यास रेफरींच्या शिबिरांत नेहमी निघतो. त्यांनी २००४-०५च्या हंगामातले ३६५ कॉलेज सामने तपासले. पाहुण्या संघावर फाउल जास्त, हे तर निघालंच. शिवाय एका संघाचे फाउल दुसऱ्यापेक्षा जितके जास्त, तितकी पुढची शिट्टी दुसऱ्या संघावर वाजण्याची शक्यता वाढते. पुढे असलेल्या संघावरही ती जास्त वाजते. म्हणजे रेफरी नकळत तागडी समान करत राहतो. कडक, अंगावर येणारा बचाव करणारे कोच हे ओळखून असतात. पहिल्या पाच मिनिटांत पाच फाउल झाले तरी ते घाबरत नाहीत, पुढे तागडी आपल्याकडे झुकेल हे त्यांना ठाऊक असतं.

घरच्या प्रेक्षकांचा दाब कसा बसतो ते ड्यूकच्या घरच्या मैदानावर, कॅमेरनमध्ये गेलास की कळेल. १९४० सालची इमारत, जागा ९,३१४. विद्यार्थी साइडलाइनला इतके चिकटून उभे असतात की बॉल आत टाकणाऱ्या पाहुण्याच्या कानात ओरडता येतं. मी तिथे कधी शिट्टी घेऊन उभा नव्हतो, पण एका छोट्या गावातल्या शाळेच्या जिममध्ये होतो, आणि दाब तिथेही तोच. शेवटचं मिनिट, दोन गुणांचा फरक. पाहुण्या संघाचा पोरगा बास्केटकडे घुसला, घरच्या संघाचा बचावपटू समोर आला, धडक झाली आणि दोघं पडले. अख्ख्या जिमने एका आवाजात ‘चार्ज!’ म्हटलं आणि माझा हात डोक्यामागे गेला, म्हणजे फाउल आक्रमकावर. दुसऱ्या दिवशी निरीक्षकांनी व्हिडिओ दाखवला. बचावपटूचा डावा पाय धडकेच्या वेळी सरकत होता. मी त्याच्या पायांकडे बघतच नव्हतो. मी बॉलकडे बघत होतो, चाहत्यासारखा. निरीक्षक शांतपणे म्हणाले, ‘शिट्टी तू वाजवली नाहीस, त्यांनी वाजवली.’ ते वाक्य अजून टोचतं.

त्या धडकेबद्दल जरा सांगतो, कारण तुझ्या रूममेटच्या निम्म्या तक्रारी तिथल्याच असणार. ‘तो हलत होता, म्हणजे ब्लॉक (फाउल बचावपटूचा)’ हे चूक आहे. बचावपटूने एकदा समोरासमोर, दोन्ही पाय जमिनीवर अशी जागा घेतली की तो मागे किंवा बाजूला सरकू शकतो. दगडासारखं उभं राहायचं बंधन नाही. प्रश्न फक्त जागा केव्हा घेतली याचा. आक्रमक हवेत जाण्याआधी जागा घेतली की पुरे, असं पूर्वी होतं. २०२३-२४पासून, हवेत झेपावण्यासाठी तो पाय रोवतो त्याच्या आधी जागा घेतलेली हवी. फरक डोळ्याच्या एका पापणीइतका, पण त्यामुळे शेवटच्या क्षणी खाली सरकून आडवे पडणारे हिरो कमी झाले. बास्केटखालच्या चार फुटांच्या अर्धवर्तुळात मदतीला आलेल्या बचावपटूला चार्ज मिळतच नाही. हे सगळं बेसलाइनवरच्या रेफरीने, ज्याला आम्ही लीड म्हणतो, साध्या डोळ्यांनी एकदाच बघायचं. तू घरी चार कोनांतून, संथ गतीने, हातात चहा घेऊन बघतोस.

तीन रेफरी म्हणजे सहा डोळे सगळीकडे, असंही नसतं. लीड बेसलाइनवर, ट्रेल मागे अर्ध्या मैदानाजवळ आणि सेंटर दुसऱ्या बाजूला फ्री थ्रो लाइनच्या रेषेत. प्रत्येकाचा भाग ठरलेला. बॉल ट्रेलच्या भागात असेल, तर लीडने बॉलकडे बघायचंच नाही, पोस्टमधली, म्हणजे बास्केटजवळची ढकलाढकली बघायची. म्हणूनच ‘त्याच्या नाकासमोर झालं आणि त्याने पाहिलं नाही’ हे बऱ्याचदा खरं असतं. त्याचं नाक त्या दिशेला होतं, डोळ्यांची ड्यूटी दुसरीकडे होती.

२०१९च्या फायनल फोरमध्ये व्हर्जिनिया-ऑबर्न बघ. शेवटच्या काही सेकंदांत व्हर्जिनियाच्या टाय जेरोमचा बॉल स्वतःच्याच टाचेला लागला, त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि परत ड्रिबल केला. स्वच्छ डबल ड्रिबल, कुणी वाजवलं नाही. त्यानंतर ०.६ सेकंद बाकी असताना काइल गायला तीन गुणांचा फटका मारताना फाउल झाला. ती शिट्टी बरोबर होती. त्याने तिन्ही थ्रो घातले, ६३-६२, आणि दोन दिवसांनी व्हर्जिनिया विजेता. एक चूक, एक अचूक, दोन्ही एकाच संघाच्या फायद्याची. ऑबर्नच्या माणसाला हे कुठल्याही नियमपुस्तकाने पटवता येणार नाही, आणि मी प्रयत्नही करत नाही. २०२५-२६पासून पुरुषांच्या सामन्यात कोचला चॅलेंज मिळालंय, पण ते बॉल बाहेर कुणाकडून गेला, गोलटेंडिंग (बास्केटमध्ये पडत असलेला बॉल अडवणं) आणि त्या अर्धवर्तुळापुरतं. धक्का लागला की नाही, हे अजूनही माणसाचंच मत.

रेफरींबद्दल माझीही एक तक्रार आहे, पण ती वेगळी. हे लोक कुणाच्या पगारावर नसतात. सामन्यामागे मानधन, स्वतंत्र कंत्राटदार, एकच माणूस चार-पाच कॉन्फरन्सचे सामने घेतो. आज इथे, उद्या तीन राज्यं पलीकडे, परवा पहाटेचं विमान. जानेवारी-फेब्रुवारीत थकलेले पाय वेळेवर कोनात पोहोचत नाहीत, आणि कोन चुकला की शिट्टी चुकते. ‘विकले गेलेत’ म्हणणाऱ्यांनी आधी ‘झोपले किती’ हे विचारावं.

आता दोन फाउल. इथे मी जुन्या कोचांच्या विरोधात आहे. कॉलेजमध्ये चाळीस मिनिटांत पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. पहिल्या दहा मिनिटांत दोन झाले की कोच त्याला हाफ संपेपर्यंत बसवतो. का, तर तिसरा नको. पण जरा हिशेब कर. फाउल आउट होण्याची शिक्षा काय? काही मिनिटं बाहेर बसणं. मग भीतीपोटी ती मिनिटं आपणच आधी कापून द्यायची? पहिल्या हाफमधले गुण शेवटच्या गुणांइतकेच मोजले जातात. कॉलेज बास्केटबॉलचे आकडे मांडणारा केन पॉमेरॉय दोन फाउल झालेल्यांना कोणता कोच किती खेळवतो याचा वेगळा आकडाच ठेवतो, आणि कोचाकोचांत केवढा फरक आहे ते त्यात दिसतं.

अर्थात खेळाडू कोण, ते बघावं लागतं. गार्डचे (बाहेरून बॉल खेळवणाऱ्याचे) दोन फाउल बहुतेक मूर्खपणाचे असतात, अर्ध्या मैदानावर उगाच हात घालून झालेले. २०१३-१४पासून हात लावून ठेवणं, दोन हात लावणं, सारखं टोचणं आणि आडवा हात लावणं हे चारही थेट फाउल, तिथे दयामाया नाही. त्याला समज दिली की तो खेळू शकतो. सेंटर खेळाडूचं (रेफरी नव्हे) तसं नाही. त्याचं कामच बास्केटपाशी आडवं येण्याचं. त्याला दोन फाउलवर ठेवलं की समोरचा कोच पुढचे सगळे डाव त्याच्याच अंगावर आणतो. तिथे माझा नियम एकच, त्याच्या जागी येणारा किती वाईट आहे ते बघ.

२०१५ची फायनल यासाठी परत परत बघावी अशी आहे. ड्यूक विरुद्ध विस्कॉन्सिन. जहलील ओकाफोर आणि जस्टिस विन्स्लो दोघंही फाउलमध्ये अडकलेले, दुसऱ्या हाफमध्ये ड्यूक नऊने मागे. ड्यूकचे कोच शशेव्स्की यांनी बेंचवरून ग्रेसन अ‍ॅलनला काढलं, पहिल्या वर्षाचा, हंगामभर फारसा न खेळलेला. त्याने १६ गुण केले. ओकाफोर चार फाउल घेऊन शेवटी परत आला आणि बास्केटही केल्या. सामना ६८-६३. त्याच सामन्यात विन्स्लोच्या बोटाला लागून बॉल बाहेर गेला असावा अशी एक शिट्टी होती, आणि विस्कॉन्सिनवाले आजही तिचंच नाव घेतात. मला मात्र अ‍ॅलनच आठवतो. तुझा आठवा माणूस कोण, याचं उत्तर नोव्हेंबरमध्ये तयार करावं लागतं, ते एप्रिलमध्ये विचारतात.

उलटं उदाहरण कॅरोलायनाचं. २०२२मध्ये त्यांचे कोच ह्यूबर्ट डेव्हिस जवळजवळ फक्त पहिल्या पाचांवर खेळले: लव्ह, आर. जे. डेव्हिस, ब्लॅक, मानेक, बॅकॉट. लोक त्यांना ‘आयर्न फाइव्ह’ म्हणायचे. कॅमेरनमध्ये शशेव्स्कींच्या शेवटच्या घरच्या सामन्यात त्यांनी ९४-८१ने पाणी पाजलं, चौघांचे प्रत्येकी वीस किंवा अधिक गुण. महिन्याभरात न्यू ऑर्लिन्सला फायनल फोरमध्ये परत ८१-७७, आणि शशेव्स्कींची ४२ वर्षांची ड्यूकमधली कारकीर्द तिथेच संपली. त्या सामन्यात शेवटच्या मिनिटात बॅकॉट पाचव्या फाउलवर बाहेर गेला. त्या फाउलचे दोन थ्रो ड्यूकच्या मार्क विल्यम्सला मिळाले, दोन्ही हुकले, आणि मग कॅरोलायनाच्या केलेब लव्हचा तीनचा फटका आत. दोन दिवसांनी कॅन्ससविरुद्ध कॅरोलायना हाफला ४०-२५ पुढे. हरले ७२-६९. बॅकॉटचा घोटा आधीच दुखावलेला, बाकीच्यांच्या पायात जीव नाही. पाचांवर चालणारा संघ मार्चमध्ये फार सुंदर दिसतो, पण त्याची थकबाकी कधीतरी वसूल होते.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. ड्यूक-कॅरोलायना हे वैर टीव्हीचं आहे, आणि खरंही आहे. दहा मैलांवर दोन कॅम्पस, एक खाजगी, एक सरकारी. स्टेट-कॅरोलायना मात्र भाऊबंदकी आहे. दोन्ही राज्याची विद्यापीठं, एकाच विधानसभेकडून पैसे मागणारी. एकीकडे वकील-डॉक्टर, दुसरीकडे शेतकी आणि इंजिनिअरिंग, असा जुना तोरा. आणि स्टेटवाल्यांचं दुखणं असं की या भागात बास्केटबॉल आणला तो त्यांचे कोच एव्हरेट केस याने. इंडियानाहून १९४६ला आलेला माणूस. १९४९ला स्टेटचं रेनॉल्ड्स कॉलिसियम उघडलं, त्याच्या डिक्सी क्लासिक स्पर्धेला देशभरातले संघ यायचे, जिंकल्यावर जाळी कापायची पद्धतही त्याच्याच नावावर सांगतात. त्याला उत्तर म्हणून कॅरोलायनाने फ्रँक मग्वायरला कोच म्हणून आणलं आणि १९५७ला ३२-० असा हंगाम करून तेच विजेते. १९६१च्या सट्टेबाजीच्या प्रकरणानंतर डिक्सी क्लासिक बंद पडलं, त्याच वर्षी डीन स्मिथ कॅरोलायनाचे कोच झाले, आणि पुढची ३६ वर्षं काय झालं ते तुला माहीत आहे. दुकान आपण काढायचं आणि गल्ला शेजाऱ्याने भरायचा, असं झालं. १९७४ आणि १९८३ची विजेतेपदं स्टेटवाले म्हणून छातीशी धरून बसतात. केसची समाधी रॉलीत हायवे सत्तरच्या बाजूला आहे. सामन्याला जाणाऱ्या आपल्या पोरांना हात करता यावा म्हणून त्याने जागा तशी मागितली, असं जुनी माणसं सांगतात.

इथल्या मराठी घरांत याची गंमत वेगळीच. थोरला स्टेटला, धाकटी चॅपल हिलला, आणि सामन्याच्या दिवशी आईने लाल नेसायचं की आकाशी यावरून सकाळपासून धुसफुस. माझ्याकडे दोन्ही रंगांचे मग आहेत. रेफरी आहे ना.

एक काम कर. रेनॉल्ड्समध्ये आता महिलांचे सामने होतात, जागा आटोपशीर आहे. बेसलाइनच्या मागचं तिकीट काढ. पहिला क्वार्टर बॉलकडे अजिबात बघू नकोस, फक्त तुझ्या बाजूच्या लीडचे डोळे कुठे आहेत ते बघ, आणि मग तो बघतोय तेच तूही बघ. पहिली दोन मिनिटं फार जड जातील, मान आपोआप बॉलकडे वळेल. रूममेटलाही ने. आणि क्वार्टरनंतर त्याला विचार, गुण किती झाले.